मधल्या भागाचे सर

या गं पोरींनो, अशा जवळ सरका. वाचताय म्हणून काय झालं, जवळ बसल्यासारखं वाचा. आणि आधी बोलणी खाऊन घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल. काल आपल्या वसतिगृहाच्या ग्रुपवर एकीनं त्या पिक्चरचा तिसरा भाग टाकला. नाव घेत नाही, चांगली पोर आहे, पुण्यात नोकरी करते. खाली लिहिलं, "घरी बसून बघा." बाई गं, घरी बसून बघायचा असता तर आपण इतकी वर्षं कशाला थांबलो असतो? जुन्या पोरी तुटून पडल्या तिच्यावर. ती बिचारी ग्रुप सोडून गेली, तिला परत आणलं. मग मागाहून आलेल्या पोरी विचारायला लागल्या, मावशी, एका पिक्चरवरून एवढा कालवा कावून? म्हणून लिहायला बसले. तोवर कुणीही तो भाग उघडायचा नाही. अंगठा आवरा.

मी म्हणजे तुमची स्वयंपाकाची मावशी. शाळा माझी तिसरीपर्यंतच. बाकीचं जे काय येतं ते वसतिगृहात, चुलीपुढं बसून, तुमच्या पुस्तकांवर पीठ सांडत शिकले. त्यामुळे कुठं चुकलं तर सरांना सांगू नका.

सरांचं नाव मी लिहीत नाही. नाव घेतलं की ते जिथं असतील तिथं "हजर" म्हणून उभे राहतील, आणि आता त्यांच्या गुडघ्यांना उठबस सोसत नाही.

उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम खडू. बसायचे कमी. जेवायचेसुद्धा उभ्यानं, भाकरीवर कालवण घेऊन, खिडकीतून रस्ता बघत. लहान पोरींना अहो म्हणायचे आणि मोठ्या माणसांना अरे. पहिलीतली पोर रडत आली तरी, "अहो वैष्णवीताई, आधी नाक पुसा, मग बोलू." आणि एकदा बीडहून तपासणीला मोठे साहेब आले, गॉगल लावून, तर त्यांना, "अरे, उन्हात कावून उभा? बस तिथं. अहो वैष्णवीताई, याला पाणी द्या." मी दाराआड पदर तोंडात धरून उभी. आता नोकरी गेली म्हटलं. साहेब बसले, पाणी प्याले, मुकाट्यानं तपासणी केली आणि निघताना म्हणाले, "येतो सर." बरेच दिवस कुणी त्यांना अरे म्हटलं नसावं.

साखर खायचे नाहीत. चहा बिनसाखरेचा, लग्नात गेले तर बुंदी बाजूला. लोकांना वाटायचं, सरांना शुगर आहे. जो तो कारल्याची पूड, जांभळाच्या बियांची पूड, कसलं कसलं आणून द्यायचा. सर सगळं घ्यायचे, "बरं" म्हणायचे आणि माझ्याकडं ठेवायला द्यायचे. एक फळी भरली होती नुसत्या पुड्यांची. मी एकदा विचारलं तेव्हा कळलं. त्यांना काही शुगर नव्हती. आईबाप उसात राबलेले, आणि हे स्वतः पाचटात वाढलेले. "मावशी, मला त्याची चवच लागत न्हाई," एवढंच म्हणाले. मग पुड्या खाली काढून त्यांनी मला विचारलं, यातलं तुमच्या उपयोगाचं काही आहे का.

आता हजेरी. सर वही घ्यायचे नाहीत, सगळी नावं तोंडपाठ. प्रार्थनेला हजेरी, जेवायला हजेरी, झोपायच्या आधी हजेरी. आणि ज्या पोरी आईबापासंगं उसाला गेल्या, त्यांचीही नावं घ्यायचे. घेऊन थांबायचे. हजर असलेल्या पोरीला जेवढा वेळ, त्याहून थोडा जास्तच. ताटं वाढलेली, पोरी भुकेल्या, भाकरी गार होतेय आणि हा माणूस गप्प उभा.

मी म्हणायचे, "सर, ती गेलीय. वाट कुणाची बघताय?"

"तिला लांबून यायचंय मावशी. जरा वेळ लागणार."

मग स्वतःच "गैरहजर" म्हणायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. मी शेवटी भाकऱ्या हजेरी निम्मी झाल्यावर थापायला लागले.

आता तुमच्या शहरात वाढलेल्या लेकरांसाठी सांगते, तुम्हाला ठाऊकच आहे. दसरा झाला की आपल्या भागात ट्रक लागतात. मुकादम येतो, नवरा-बायकोची जोडी मोजून घेतो. त्या जोडीला कोयता म्हणतात. दोन माणसं आणि त्यांचं नाव काय, तर कोयता. बिऱ्हाड चढतं, शेळी चढते, पोरं चढतात, ते थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत. म्हणजे पोर शाळेत असते जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा एप्रिलात. मधला भाग गायब.

सरांचं यावर एक वेडं म्हणणं होतं. भागाकार डिसेंबरात शिकवतात. म्हणून आपल्या वस्तीत भागाकार कुणालाच येत नाही. बेरीज येते, वजाबाकी येते, गुणाकार पाढ्यांपुरता येतो, भागाकार म्हटलं की सगळे आभाळाकडं बघतात. मी हसले होते. मग आठवून बघितलं, तर मलाही येत नव्हता. माझेही डिसेंबर उसातच गेले होते.

तर पिक्चर. केजला कलीमभाईचं मोबाईलचं दुकान होतं, तिथं सर शाळेचा पंखा नाहीतर स्पीकर दुरुस्तीला न्यायचे. त्याच्याकडं एक इंग्रजी पिक्चर हिंदी बोलीत केलेला. कुठल्याशा जाडजूड कादंबरीवरून काढलेला, तीन भागांत. एक देश असतो, तिथली पहाट एका दगडी राक्षसानं गिळलेली असते. ती परत आणायला एक लंगडी तिरंदाज पोरगी, एक म्हातारा नावाडी आणि एक बोलणारं खेचर निघतात. कलीमभाईला वाटलं, सर पोरींना सहज दाखवतील. सरांनी तिन्ही भाग विचारले, किती लांब आहेत ते विचारलं, आणि खुर्चीत बसले. बसले म्हटल्यावर कलीमभाई घाबरला, कारण सर कधी बसायचे नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला भाग लावला. सरांचा भाचा लग्नाचं शूटिंग करायचा, त्याचं ते भिंतीवर चित्र पाडायचं मशीन आणलं. खिडक्यांना वाकळा लावल्या. आईबाप, पोरी, म्हातारी माणसं, सगळी वर्गात. शेवटाला नावाडीबाबा पुरात वाहून जातो आणि पिक्चर संपतो. वाकळा काढल्या तेव्हा निम्म्या बाया डोळे पुसत होत्या. सर पुढं आले आणि म्हणाले, मधला भाग डिसेंबरानंतर, इथंच. जी इथं असेल तिनं बघावा. तिसरा भाग सगळे माघारी आल्यावर. आणि मधल्या भागात काय झालं हे गेलेल्या पोरीला कुणी सांगायचं नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासून घराघरात रडारड. ट्रकवर चढलेल्या पोरी खाली उड्या टाकायला लागल्या. कोमलची आई तणतणत आली, कमरेला पदर खोचून. कोमल तेव्हा आठवीला.

"मास्तर, पिच्चर दावून आमच्या पोरी ठिवून घेता व्हय?"

"हो," सर म्हणाले.

ती बाई मोठ्ठं भांडण घेऊन आली होती. "हो" म्हटल्यावर ते ठेवायचं कुठं हेच तिला कळेना. जरा वेळानं म्हणाली, मधलं नाही बघितलं तर काय बिघडतंय, पहिलं आणि शेवटचं बघितलं की समजतंच की. सरांनी तिला विचारलं, तुला भागाकार येतो का. ती म्हणाली, न्हाई. सर म्हणाले, कावून येत नाही ते जरा आठव. ती उभी राहिली, मी दिलेलं पाणी प्याली, आणि कोमलची वळकटी माझ्या खोलीत टाकून गेली. जाताना सरांना शिव्याच देत होती, पण आवाज उतरला होता.

त्या वर्षी लई पोरी राहिल्या. मला भाकऱ्यांचा हात दुखायला लागला.

मधला भाग लावायचा तो शनिवार मला चांगला आठवतो. सकाळची शाळा सुटलेली, खिडक्यांना वाकळा लावणं चाललेलं, तेवढ्यात जीपमधून कोमलचा बाप उतरला. बाबू त्याचं नाव. अंगावर उसाचं पाचट, पायात एकच धड चप्पल. त्यानं मला आधी सांगितलं, कोमलच्या आईच्या मनगटावर कोयता बसलाय, हात बांधलाय गळ्यात. जोडी मोडली. एका माणसाला मुकादम ठेवत नाही. तिच्या जागी पोरीला न्यायला आलोय.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "बस. हजेरी व्हायचीय."

हजेरी झाली. गेलेल्यांचीही झाली. शेवटी सर म्हणाले, "बाबू."

त्यानं मागं वळून बघितलं. मग म्हणाला, "हाय की."

"हजर म्हण."

"हजर."

आणि पिक्चर सुरू झाला. आता या मधल्या भागाचं मी काय सांगू? पहिल्या भागात ओळखीपाळखी झालेल्या, शेवट अजून लांब, त्यामुळे यात सगळे नुसते चालतात. जंगल चालतात, बर्फ चालतात, शिंगं असलेल्या एका राणीच्या कैदेत पडतात, सुटतात, पुन्हा चालतात. अख्ख्या पिक्चरात एकदाही कुणी चूल पेटवत नाही. मला तर त्या खेचराचीच काळजी वाटायची. पण पोरींचा जीव त्यातच. राक्षसाला त्यांनी मुकादम नाव ठेवलं होतं, ते सर बघून न बघितल्यासारखं करायचे.

बाबू पहिल्या भागाला नव्हता, त्याला काही कळेना. मोठ्यानं विचारायचा, हे लंगडं पोरगं कोण? कोमल सांगायची, "आप्पा, पोरगं न्हाई, पोरगी हाय. गप बसा." जरा वेळानं हा पुढं सरकला. मग आणखी पुढं. शेवटाला दरीवरचा दोराचा पूल येतो. तिरंदाज पोरगी अलीकडं, नावाडी पलीकडं, तो जिवंत असतो हे तेव्हा कळतं, आणि खालून राक्षसाचा हात वर येतो. तिथंच संपतो. बाबू पहिल्या रांगेतल्या पोरींत मांडी घालून बसलेला.

"फुडं?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या भागात."

"त्यो कदी?"

"सगळ्या जागेवर आल्यावर."

 मग उठला, चड्डीवरची धूळ झटकली आणि म्हणाला, "चल गं."

मला वाटलं, सर आता काही तरी करतील. त्यांनी काही केलं नाही. तिकडं बाई हात बांधून बसलेली, काय बोलणार? कोमलला तिचं गणिताचं पुस्तक दिलं आणि म्हणाले, "अहो कोमलताई, एकशे चव्वेचाळीस भागिले बारा. वाटेत करा." मग बाबूला म्हणाले, "ही आल्याबिगर तिसरा भाग लागणार न्हाई."

"नका लावू."

"न्हाईच लावणार."

मी भाकरी-ठेचा बांधून दिला. जीप गेली.

पाडवा आला, ट्रक माघारी आले, वस्ती भरली. बाबूचं बिऱ्हाडही आलं, पण कोमल शाळेत आली नाही. घरात ठेवलेली. कळलं की टोळीतल्याच एका पोराशी तिचं जमवलंय. पुढच्या हंगामाला नवा कोयता होईल म्हणून. आईच्या हाताला आता जोर नव्हता, आणि सासरच्यांना घाई होती. चौदा वर्षांची पोर, पोरींनो. तुमच्यातल्या कितीकींच्या घरात तेव्हा हेच बोलणं चाललं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सर बाबूच्या घरी गेले, चहा न घेता परत आले. पुन्हा गेले. बाबू म्हणाला, सोयऱ्याला शब्द दिलाय. सर तालुक्याला जाऊन कुणाकुणाला भेटून आले. ते लोक म्हणाले, तारीख जवळ आली की बघू.

इकडं शनिवारी सगळी वस्ती तिसऱ्या भागाला जमली. जयंतीच्या मांडवातला मोठा स्पीकर आणला होता. सरांनी हजेरी घेतली. "कोमल." थांबले. सगळे थांबले. "गैरहजर. मधला लावू."

आणि खरंच मधला लावला.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ज्यांनी मधला बघितला नव्हता त्यांनी आनंदानं बघितला. ज्यांनी बघितला होता त्यांनी पुन्हा बघितला. मग सगळ्यांनीच पुन्हा पुन्हा बघितला. बाया शेळीला शिंगाडी राणी म्हणायला लागल्या. पुलावर राक्षसाचा हात आला की म्हातारी माणसं आधीच उठून चपला शोधायची. काही पोरं केजला कलीमभाईकडं तिसरा भाग मागायला गेली. तो म्हणाला, "मास्तरसाब बोले हैं, हाजिरी के बगैर नहीं देने का." मोबाईलवर बघायचा तर तेव्हा रेंज धरायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं.

शेवटी लोक बाबूच्या मागं लागले. गिरणीत गेला की, "तुज्या पोरीच्या लगनापायी आमचा पिच्चर अडकलाय." तो म्हणायचा, लगीन माझ्या पोरीचं, पिक्चर तुमचा, याचा त्याचा काय संबंध? संबंध कुणालाच सांगता येत नव्हता, पण सोडत कुणी नव्हतं. गिरणीवाला म्हणाला, तुझं दळण पिक्चरनंतर. ज्या कोमलच्या आईनं सरांना शिव्या घातल्या होत्या, तिलाही राक्षसाचा हात पुलावरून काढायचा होता. ती घरात बोलायची बंद झाली.

एका शनिवारी बाबू पोरीला घेऊन दारात उभा राहिला. वर्ग गच्च भरलेला.

"घ्या. आली. लावा."

सरांनी हजेरी घेतली. कोमल म्हणाली, "हजर." मी पातेल्यावर झाकण टाकून दारात येऊन बसले.

"कोमलताई, एकशे चव्वेचाळीस भागिले बारा?"

"बारा."

"बाकी?"

"काई उरत न्हाई."

सरांनी मान हलवली. मग सगळ्यांकडं बघून म्हणाले, आज सगळ्या जागेवर आहेत, बरं वाटलं. पण एक दिवस आली ती पाहुणी झाली, हजर नाही झाली. पुढच्या शनिवारी लावू.

जो गोंगाट उठला तो तुमच्या कानात असेलच. बाबू पुढं आला. "मास्तर, तुमी मला फशिवताय."

"हो," सर म्हणाले.

आता हा हात उचलतो असं मला वाटलं. तेवढ्यात मागून बायाच ओरडल्या, ठेव की बाबा आठ दिवस, पोर काय पळून चाललीय? ज्या बाया सकाळी सरांना नावं ठेवत होत्या त्याच. बाबूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि पोरीला ठेवून गेला.

पुढच्या शनिवारी मशीनचा बल्ब गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी भाच्याकडं लग्नाचं काम. मग परीक्षा. मग सर म्हणाले, निकाल लागू द्या. दर शनिवारी वस्ती जमायची, सर मोठ्या गंभीर तोंडानं नवीन कारण सांगायचे, लोक शिव्या द्यायचे आणि कोमल वसतिगृहात आणखी एक आठवडा राहायची. लग्नाची तारीख अशीच एका शनिवारी येऊन गेली. त्या दिवशी आपण मधला भाग बघत होतो.

मी कितीतरी दिवस समजत होते की सरांनी बाबूला गंडवलं. मग एकदा बाबू वसतिगृहात ज्वारीचं पोतं टाकायला आला होता, तेव्हा ओट्यावर बसून बोलला.

"मावशी, मला काय कळत न्हवतं व्हय? पहिल्याच शनवारी कळलं. पर सोयऱ्याला काय सांगू, पोर शिकवायचीय म्हून? त्यानं जातीत बोंब मारली असती. मी सांगितलं, गावानं अडिवलंय, मास्तर पिच्चर लावंना. त्याला हासूच आलं. हासत हासत मोडलं बगा त्यानं."

आणि पोतं खाली ठेवून त्यानं हळूच विचारलं, पलीकडचा नावाडी वाचतो का. मी म्हटलं, मला काय ठाऊक. मीही बघितलेला नाही.

पुढचा हंगाम त्यानं भावाला जोडीला घेऊन काढला. कोमल दहावी झाली, बारावी झाली. तिसरा भाग मात्र राहिला. दर पाडव्याला सर हजेरी घ्यायचे आणि दर वर्षी कुणी ना कुणी उसात राहिलेली असायची. तिच्यासाठी थांबायचं, ती आली की आठवडे ढकलायचे, तोवर दुसरी जायची. म्हणून तुमच्यातल्या सगळ्या जुन्यांना मधला भाग तोंडपाठ आणि तिसरा ठाऊक नाही. सर रिटायर झाले तेव्हा सत्कारात साहेबांनी विचारलं, काही इच्छा? सर म्हणाले, "अरे, तू आधी बस."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडं जाऊन आले. कपिलधारच्या अलीकडं रान आहे त्यांचं, दोन खोल्या. गुडघे गेलेत, कान बरे आहेत. मला बिनसाखरेचा चहा दिला, तो मी प्याले. एकेकीची चौकशी केली, नावानिशी, कोण कुठं, कुणाला काय लेकरं. मग मी विचारलंच, सर, तुम्ही तरी बघितलाय का तिसरा? म्हणाले, एकट्यानं कसा बघणार. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, कोमलताईंना रजा मिळत असेल तर विचारा.

कोमल आता एसटीत कंडक्टर आहे, हे जुन्यांना ठाऊक आहे. मी फोन केला. रोजची ड्युटी, सणासुदीला तर घरीसुद्धा थांबता येत नाही तिला. तिनं अर्ज टाकला आणि मिळाली रजा. तिचा बाप येतोय, हातवाली आई येतेय, भाच्यानं मशीन जपून ठेवलंय. वर्गाची चावी नव्या मॅडमनी मला दिली आहे. दिवस ग्रुपवर कळवलाच आहे, शनिवार आहे.

तेव्हा पोरींनो, जिच्यासाठी थांबलो ती येतेय. आता तुमच्यातल्या कुणापायी अडकू नये. सुट्टी मिळत नाही, लेकरांची शाळा आहे, नवरा गावाला गेलाय, हे मला सांगू नका, सगळ्यांना घेऊन या. वाकळा मी धुऊन ठेवल्यात. एक जरी कमी पडली तर तो माणूस खुशाल मधला लावील, आणि मला ते खेचर आता पुन्हा उपाशी चालताना बघवत नाही. लवकर या.